धनुमायची वेगळी चूल

आमच्या कोरीटात कुणाच्या घरात काय चाललंय ते आधी माझ्या गिरणीला कळतं, मग गावाला. डब्यात दादर, म्हणजे आमची ज्वारी, जास्त आली की समजायचं, पाहुणे आलेत. डबा अर्धाच आला की सून माहेरी गेली. आणि एकाच घरातून दोन डबे यायला लागले की मी काही विचारत नाही, गुपचूप दळून देते. दोन डबे म्हणजे दोन चुली, आणि दोन चुली म्हणजे घर फुटलं.

मी रंजिता. नवरा शेतात असतो, गिरणी मी चालवते. दिवसभर त्या धडधडीवर ओरडून बोलायची सवय लागलीय, म्हणून साधं विचारलं तरी लोकांना वाटतं ही भांडते. भांडतेही मी, खोटं कशाला सांगू! बारावी झालेय, शाळेतलं शुद्ध बोलता येतं. पण राग आला की तोंडातून अहिराणीच निघते. आणि आज जे सांगायला बसलेय त्याच्यात माझा राग पुष्कळ आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

माझ्या गिरणीची आणि धनुमायच्या ओसरीची भिंत एकच, आणि त्या भिंतीला गजांची एक खिडकी. धनुबाई बन्सीलाल असं तिचं नाव मतदारयादीत. गावात मात्र लहानथोर तिला धनुमायच म्हणतात. माहेर विसरवाडीचं. हमरस्त्याला लागून बापाची शेती, घरात सुबत्ता, सहा भावांत एकटी बहीण. लग्न होऊन कोरीटात आली तेव्हा चुलीला हात लावायची वेळ येऊ द्यायची नाही असं सासूला तिच्या बापाने बजावून सांगितलं होतं म्हणे. सासूने मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी तिला मिरचीच्या वाफ्यात नेऊन उभी केली. ही गोष्ट धनुमाय स्वतःच सांगायची आणि हसून हसून तिचा पदर ओला व्हायचा.

बन्सीलालआप्पा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले तेव्हा कुंदन पाचवीत होता. एकुलता एक. दहावा झाल्यावर विसरवाडीचे भाऊ जीप घेऊन आले, म्हणाले चल, तुला आणि पोराला जन्मभर सांभाळतो. ती गेली नाही. म्हणाली, "कुंदननं घर आठे शे. मी तिकडे उनू ते हाऊ मामाना घरना भाचा व्हई जाई." मामाच्या घरचा आश्रित होऊ नये पोर, एवढंच तिच्या डोक्यात. तरणीताठी बाई, डोक्यावर कुणी नाही, आणि शेती मिरचीची! नंदुरबारची मिरची खाताना तुम्हाला काय, जिभेला चटका बसतो तेवढाच. मिरची वाळवायच्या पथारीवर बसून देठ खुडणाऱ्या बाईला विचारा. हात रात्रभर आगीत धरल्यासारखे जळतात. त्या जळत्या हातांनी तिने कुंदनला कधी जवळ घेतलं नाही, त्याच्या डोळ्यांना लागेल म्हणून. लांबूनच लाड केले.

कुंदन शिकला. नंदुरबारला एका कॉलेजच्या ऑफिसात चिकटला, राहायला कोरीटातच. बायको केली ती डी.एड. झालेली, जागृती. मुलगी झाली, रिद्धी, आता बारावीला आहे. धनुमायला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

आता त्या सर्व्हेचं सांगते, कारण सगळं त्याच्यातूनच उघडं पडलं.

करोनाच्या आधी केव्हातरी आमच्या गावात म्हातारपणाचा सर्व्हे आला. पंचेचाळीसच्या पुढच्या माणसांना प्रश्न विचारायचे, वजन-उंची घ्यायची, चालायला लावायचं, रक्त तपासायचं, आणि काही वर्षांनी पुन्हा त्याच घरी येऊन तेच विचारायचं, म्हणजे माणूस कसा कसा म्हातारा होत जातो ते कळतं. घरं त्यांनीच निवडलेली. आमचं घर आलं नाही, धनुमायचं आलं. झालं! बाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एकेक करून विचारलेल्या प्रश्नांना तिने जीव लावून उत्तरं दिली. मुठीत दाबायचं यंत्र दिलं तर असं दाबलं की विचारणाऱ्या माणसाने काटा दोनदा पाहिला. "मिरच्यास्ना देठ खुडी खुडी हात लोखंडना व्हई गयात, दादा," म्हणाली. दहा शब्द ऐकवून परत म्हणायला लावतात, त्यातले दोन तिचे राहिले, तर महिनाभर ती शेतात जाता-येता ते शब्द घोकत होती. म्हटलं, "धनुमाय, परीक्षा संपली." तर म्हणे, "फिरी येतीन ना व!"

आणि ते दुसऱ्यांदा आलेही. दोन्ही वेळा तिने घरातल्या माणसांची नावं सांगताना पहिलं कुंदनचं सांगितलं आणि स्वतःचं शेवटी.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कुंदन एक शेगडी घेऊन आला. एका बर्नरची, लहानशी, लाल नळीची. आखाजीला गेलेल्यांच्या नावाने पूजेची घागर भरतात, बन्सीलालआप्पांचीही भरतात, म्हणून भाऊबंद सगळे घरात होते. त्यांच्यासमोर त्याने ती ओसरीलगतच्या खोलीत मांडली. त्याच खोलीत धनुमाय गेल्या पावसाळ्यापासून झोपत होती. रात्री खोकते, रिद्धीचा अभ्यास मोडतो म्हणून. "माय," तो म्हणाला, "आते तुले जवय वाटी तवय चहा कर. जागृतीनी वाट पाहानी गरज नही. आन् नवी शेगडी शे, काही गोड कर ना, सर्वा घरमाच शेत."

धनुमाय विरघळली. शिरा केला. तूप हात सैल सोडून. शिवाजीनाना, म्हणजे बन्सीलालआप्पांचे चुलतभाऊ, भाऊबंदांत वडीलधारे. पहिली वाटी त्यांना, मग बाकीच्यांना. खिडकीतून मलाही वाटीभर दिला. "रंजू, मन्हा आंडोरनी मले शेगडी लई दिधी व!" हे तिने त्या आठवड्यात बोअरिंगवर, मंदिरात आणि माझ्या गिरणीत मिळून साऱ्या गावाला सांगितलं. लोक म्हणाले, पोर असावं तर असं. मीही म्हणाले.

मग काय झालं, तर चहाबरोबर कधी खिचडी. जागृती म्हणायची, "आई, आज आमचा रात्रीचा बेत उशिरा आहे, तुम्ही तुमचं करून घेता का?" मग रोजच उशिरा. मग एक दिवस जागृतीचा डबा आला आणि तासाभराने धनुमाय स्वतः लहान डबा घेऊन आली. मी डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तीच म्हणाली, "जागृतीले जाडं पीठ लागस, मले बारीक." मी दळून दिलं. बारीकच.

त्यातच कुंदनचं नंदुरबारचं घर पुरं होत आलं होतं. दोन मजली, रिद्धीच्या क्लासपासून जवळ. दिवाळीला राहायला जायचं ठरलं. धनुमायही जाणार होती. म्हणजे तिला तसं सांगितलेलं होतं. खालची खोली मायची, पूर्वेला खिडकी, असं कुंदन माझ्यासमोर बोललेला आहे, मी काही बहिरी नाही. शहरात गाय कुठे बांधायची म्हणून तिने आपली तांबी गाय विसरवाडीला भाच्याकडे देऊन टाकली. पिकअपमध्ये चढवताना गाय मागे मागे पाहत होती आणि ही तिला समजावत होती, "जाय बाई, मी बी जाई ऱ्हायनू, मन्हा आंडोरना नवा घरमा." दावं हातात घेऊन परत आली आणि दिवसभर जेवली नाही. तिला वाटलं, पोराच्या घरी जायचं तर एवढं सोडावंच लागतं.

नवरात्राच्या आधी सर्व्हेवाले तिसऱ्यांदा आले. ह्या वेळी हीना नावाची मुलगी होती, नंदुरबारच्या मारवाडी दुकानदाराची, चटपटीत, गळ्यात ओळखपत्र. ती म्हणाली, जुनी माणसं आता वयाने पुढे गेली, काही देवाघरी गेली, पंचेचाळिशीतलं यादीत कुणी उरलंच नाही. म्हातारपण सुरू कुठून होतं ते कळायला आता नवी, कमी वयाची माणसंही घ्यायचीत. जुन्या घरात कुणी पंचेचाळीस ओलांडले असतील तर त्यांनाही विचारायचं.

धनुमायने तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "मन्हा आंडोर पंचेचाळीसना वर गया! वहू बी गयी! दोन्हीस्ना नाव लिख!"

जागृती आतून म्हणाली, "म्हातारपणाच्या सर्व्हेत माझं नाव? अजून माझा एक केस पांढरा नाही!" रंग लावलेला केस पांढरा कसा दिसणार, पण ते असो. कुंदनही टाळत होता, सुट्टी नाही म्हणाला. धनुमायने त्याच्या मागे लागून लागून त्याला सकाळी बसवलं. तिची हौस एवढीच, की आपण इतकी वर्षं ज्या यादीत आहोत तिच्यात आता मुलगा-सून बसणार. एक घर, तिघं यादीत. गावात असं दुसरं घर नव्हतं.

प्रत्येकाला एकट्याने विचारायचं असा त्यांचा नियम. हीनाने सकाळी कुंदनला आतल्या खोलीत विचारलं, त्यानंतर जागृतीला. कुंदन गाडी काढून ड्युटीवर गेला. दुपारी धनुमायची पाळी. ती धुतलेलं लुगडं नेसून ओसरीवर बसली होती, मी तिच्याजवळ. लाईट गेलेली, गिरणी बंद. हीना म्हणाली, "काकू, आजींशी एकटीनेच बोलायचंय." मी उठले आणि गिरणीत गेले. पण गिरणी बंद असली की त्या भिंतीतून सुई पडलेली ऐकू येते, त्याला मी काय करू?

हीना म्हणाली, "आजी, मागच्या वेळी तुम्ही सगळे एका घरात होता. ह्या वेळी तुमचं घर मी वेगळं लावलंय हां."

"येगळं कसं?"

"तुमची चूल वेगळी झालीय ना. आमच्यात जे एका चुलीवर जेवतात ते एक घर. म्हणून कुंदनकाकांचं घर तिघांचं, आणि तुमचं..."

"कोनी सांगं तुले?"

त्या पोरीला तेव्हा कळलं की आपण काय बोलून बसलो. तिचा काय दोष? तिला चुलीप्रमाणे घर मोजायला शिकवलंय, आणि घरच्या कर्त्याने चूल वेगळी सांगितली तर ती काय म्हणणार, नाही म्हणून?

"मी येगळी कोठे शे?" धनुमाय म्हणाली. "मी मन्हा आंडोरना घरमा शे. हाई शेगडी ते चहानी शे." मग म्हणाली, "आते काही लिखू नको पोरी. रविवारना नंतर ये."

हीना गेल्यावर ती माझ्या खिडकीशी आली. गज धरून उभी राहिली. "रंजू, तुन्हाजोडे मन्हा पीठना डबा येगळा येस. तुले मालूम व्हतं का व?" मी म्हटलं, "धनुमाय, कुंदनभाऊ येऊ दे, चुकून बोलला असेल." चुकून! माझ्याच तोंडात माझा शब्द कडू झाला.

कुंदन सहाच्या सुमारास आला. गाडी स्टँडवर लावायच्या आतच तिने विचारलं, ओसरीवरूनच, चारचौघं ऐकतील अशा आवाजात. "कुंदन, मी तुन्हा घरमा शे का नही?"

"काय माय, हाई काय नवीन?"

"तू त्या पोरीले सांगं, मन्ही चूल येगळी शे."

"अरे, ते ते फक्त कॉम्प्युटरकरता व्हतं! एक घर धरं ते प्रश्न लांबतस. मले उशीर व्हई ऱ्हायंता."

"मंग नंदुरबारना घरमा मन्ही खोली?"

कुंदन हेल्मेट काढायला लागला. निघेचना ते. बोलली ती जागृती, दारात येऊन, आणि एका अर्थी तिचं बरं, तिने ओठात एक पोटात एक ठेवलं नाही. "आई, ती खोली रिद्धीला लागणार आहे. तिचं वर्ष आहे. आणि तुम्ही आता तुमचं तुमचं करताच की. आम्ही कुठे सांगितलं? शेगडी तुम्हीच पेटवली, शिरा तुम्हीच केला, भाऊबंदांना तुम्हीच खाऊ घातलात."

आता आमच्याकडची रीत सांगते, म्हणजे ह्या बोलण्याचा अर्थ कळेल. वेगळं निघायचं तर चार भाऊबंद बोलवतात. जो निघतो त्याची नवी चूल मांडतात, तिच्यावर गोड करतात आणि ते भाऊबंदांना वाढतात. त्यांनी गोड खाल्लं की वेगळी चूल मान्य झाली. मग कुणी कुणाला बोल लावायचा नाही. आणि तसं पाहिलं तर कुठल्याही नव्या शेगडीवर पहिल्यांदा गोडच करतात. जागृतीचा गॅस आला तेव्हा धनुमायनेच लापशी केली होती. म्हणून आखाजीला तिच्या मनात काही आलं नाही. पण ज्याने दिवस निवडला, भाऊबंद घरात असताना शेगडी मांडली आणि वर गोड कर म्हणाला, त्याच्या मनात आलं होतं. उद्या गाव म्हणेल, एकुलता एक मुलगा आईला टाकून शहरात गेला. तर त्याने आधीच सोय करून ठेवली. टाकली कुठे? ती तर आखाजीपासूनच वेगळी! ह्याला म्हणतात केसाने गळा कापणं. आणि केसही कुणाचे, तिच्याच मायेचे.

धनुमाय म्हणाली, "कुंदननी सांगं म्हनीसन करा मी शिरा." एवढंच. जागृतीने नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटतं तिलाही हे माहीत नसावं, की शिऱ्याचं त्यानेच सुचवलं. ती आत निघून गेली.

दोन-तीन दिवस धनुमायने शेगडी पेटवली नाही. मी भाकरी नेली तर म्हणाली, "ठेव." संध्याकाळी जाऊन पाहिलं तर तशीच. आतून जागृतीचं ताटही आलेलं होतं, तेही तसंच. मी म्हटलं, "विसरवाडीला जा भाच्याकडे, निदान चार दिवस." तर फिस्कन हसली. "आते जाऊ? तवय गयी नही, पोर आश्रित व्हई म्हनीसन. आते मी आश्रित व्हवाले जाऊ?" मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तिला त्या दिवसापर्यंत रडताना पाहिलं नव्हतं, आणि मला काय करावं कळेना, म्हणून मी तिच्यावरच खेकसले, "खा आधी!" खाल्लं तिने. अर्धी.

रविवारी तिने भाऊबंद बोलावले. कुणाला पाठवलं नाही, स्वतः दारोदार फिरली. शिवाजीनाना आले, आणखी चार-पाच जण आले. ओसरीवर सतरंजी तिनेच अंथरली. मग घरातली भांडी बाहेर आणायला लागली. पितळी घागर, परात, तांब्याचं घंगाळ, स्टीलचे डबे, सगळं ओसरीवर मांडलं. कुंदन खाली मान घालून बसला होता. म्हणाला, "माय, हाई काय तमाशा?"

"तमाशा नही. रीत शे," ती म्हणाली. "चोरीनी चूल मी मानत नही. येगळं निंघनं ते सर्वास्ना समोर निंघ. भांडा वाट. तोंडवरी सांग."

तिचा हिशेब मला तेव्हा कळला. तिला भांडी नको होती. तिला वाटत होतं, माणसांच्या समोर, वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत बघून पोराला हे बोलता येणार नाही. जीभ अडखळेल. म्हणेल, चूक झाली माय, चल. तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. इतकं होऊनही तिचा भरवसा सुटला नव्हता, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

शिवाजीनानांनी घसा साफ केला. "बोल कुंदन. काय शे?"

कुंदन बोलला. न अडखळता. "नाना, मायले आते तिखट चालत नही. येळवर चहा लागस, मऊ लागस. म्हनीसन तिनी सोता येगळी चूल मांडी. आखाजीले तुम्हीन सर्वास्नी शिरा खादा ना?"

मायले तिखट चालत नही! जन्म मिरचीत काढलेली बाई ती! अजून ठेच्याशिवाय तिचा घास उतरत नाही. मी भिंतीपलीकडून बोललेच, "कुंदनभाऊ, जीभ झडेल! नाना, एकुलता एक पोरगा मायपासून वेगळा निघतो असं तुम्ही कधी ऐकलंय का?"

"बाई, तुम्हीन मधमा बोलू नका," नाना म्हणाले. मग आजूबाजूला पाहिलं. एकाने मान डोलावली. "शिरा खादा ते खरं शे." दुसरा म्हणाला, "हां, तूप चांगलं व्हतं." एकालाही वर बघवेना. पण खाल्लेलं कोण नाकारणार? कुंदनने त्यांना आधीच बांधून घेतलं होतं.

तरीही नानांनी रीतीचा पुढचा प्रश्न विचारला. दोन-तीन भाऊ वेगळे निघतात तेव्हा आईबापाला विचारतात तो. "वहिनी, तू कोना चुल्हावर जेवशी?"

विचारल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं असावं. मुलगा एकच. सगळे कुंदनकडे बघायला लागले. धनुमाय पण. आता तरी म्हणेल, मन्हा चुल्हावर. दोन शब्द. रिद्धी दारात उभी होती, तीही बापाकडे बघत होती. मीसुद्धा, खरं सांगते, इतक्या शिव्या देणारी मी, पण खिडकीचे गज धरून मनात म्हणत होते, म्हण रे बाबा, म्हण.

कुंदन सतरंजीचा धागा ओढत होता. म्हणाला, "तिले आठेज बरं वाटस. शहरमा तिन्हं मन लागाव नही."

नानांनी सुस्कारा टाकला. "मंग व्हयनं," म्हणाले आणि गुडघ्यावर हात देऊन उठायला लागले.

"बठा नाना," धनुमाय म्हणाली. आवाज अगदी साधा, चहा घ्या म्हणावं तसा. "आखो एक ठराई टाका. मी मरनू ते अग्नी कोण देई?"

कुंदनने झटकन मान वर केली. इतक्या वेळात पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, खरंखुरं. "माय, असं काय बोलस! मीच देसू ना! मी तुन्हा एकुलता एक आंडोर शे, दुसरा कोण देई?"

भाऊबंदांना बरं वाटलं. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "वा, बोलना बरं!" नानांनी कुंदनच्या पाठीवर हात ठेवला.

धनुमाय त्याच्याकडे बघत होती. मग तिने मांडलेल्या भांड्यांतली परात उचलली, पदराने पुसली आणि त्याच्यासमोर सरकवली.

"पेटावाले येशी," ती म्हणाली. "वाढाले नही."

आतून जागृतीने हाक मारली, "अहो, टेम्पोवाल्याचा फोन आलाय." कुंदन उठला आणि परात घेऊन आत गेला.